बदकाला तीन, गूजला एक

वाचकहो, हातातलं काम बाजूला ठेवा. शक्य असेल तर उभे राहा, डोक्यावर टोपी असेल तर ती काढा. मला एक अत्यंत गंभीर घोषणा करायची आहे आणि त्यासाठी मी सकाळपासून घसा साफ करतो आहे. घोषणा अशी: बदकाला तीन नंबर, गूजला एक नंबर.

झालं. बसा आता.

ज्यांना या वाक्याने अंगावर काटा आला नाही, त्यांच्यासाठी थोडं स्पष्टीकरण. शॉटगनचं काडतूस म्हणजे लाडू समजा. लाडवाचं वजन ठरलेलं. त्यात बारीक बुंदी भरली तर दाणे पुष्कळ मावतात, जाड भरली तर कमी. काडतुसातल्या छर्ऱ्यांचंही तेच. नंबर मात्र पॉलिश पेपरसारखा उलटा चालतो: आकडा जितका मोठा, तितका दाणा बारीक. बदक लहान आणि चपळ. त्याच्याभोवती दाट जाळं पडायला हवं, म्हणून तीन नंबर. गूज म्हणजे इथला रानटी कलहंस, एकाहून जास्त असले की गीज: थोराड, पिसांची रजई पांघरून हिंडणारा. त्याच्या आत पोचायचं तर दाण्यात वजन हवं, म्हणून एक नंबर. पूर्वी छर्रे शिशाचे असत. पण शिसं पाणथळीत पडून राहतं, पक्षी ते खडे समजून गिळतात आणि विष भिनून मरतात, म्हणून आता इंग्लंडात बदकांवर आणि गीजवर शिसं झाडायला बंदी आहे. आम्ही पोलाद वापरतो. पोलाद हलकं, लवकर दमतं. त्यामुळे शिशाच्या काळात जो नंबर चालायचा त्याहून एकदोन पायऱ्या जाड घ्यावा लागतो.

आणि नंबर चुकला तर? नेम चुकला तर काही बिघडत नाही, पक्षी तुम्हाला शिव्या देत निघून जातो. पण नेम बरोबर आणि नंबर चुकीचा असला, तर पक्षी अंगात छर्रे घेऊन उडतो आणि कुठल्यातरी बांधाआड हळूहळू मरतो. खाजणात उठबस असणाऱ्या माणसाला याहून मोठी नामुष्की नाही. म्हणून माझी घोषणा गंभीर आहे. हसू नका.

मी साउथहॅम्प्टनच्या बंदरात काम करतो. कुठला कंटेनर कुठल्या बोटीवर, कुठल्या थरात बसवायचा हे दिवसभर स्क्रीनवर ठरवत असतो. एकही पेटी चुकीच्या जागी जाऊ नये यासाठी मला पगार मिळतो. आणि हिवाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये, भल्या पहाटे, काळ्या लॅब्राडोर कुत्रीला घेऊन मी खाडीच्या काठावरच्या खाजणात चिखलात बसतो. तिथे मला कुणी फोन करत नाही. तिथे वारा, चिखल, पक्षी आणि मी. वर्षातल्या त्या थोड्या पहाटा काढून घेतल्या तर माझ्याजवळ नुसता स्क्रीन उरेल, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तर त्या पहाटा काढून घेण्याची धमकी माझ्या पोटच्या पोरीने दिली.

पोरगी बर्मिंगहॅमला जनावरांची डॉक्टर आहे. मराठी बोलते, पण व्याकरणातल्या लिंगांशी तिचं जन्मापासून वैर आहे. गेल्या सप्टेंबरात तिने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक एक्स-रे टाकला. कुणीतरी कालव्याच्या काठावर सापडलेला गूज तिच्या दवाखान्यात आणला होता. काळ्या फोटोत पक्ष्याची नाजूक हाडं आणि त्यांच्या मधोमध पांढरे शुभ्र ठिपके. खाली तिचा प्रश्न: "बाबा, हे तुझा तर नाही ना?"

मी लिहिलं, "बर्मिंगहॅमच्या कालव्यावर मी कशाला येऊ?"

"पण तुझ्यासारखाच कोणीतरी होता."

"छर्ऱ्यावर माझं नाव लिहिलेलं नसतं, बाई."

"एक्झॅक्टली," असं तिचं उत्तर आलं. आणि लगेच फोन.

"मी दसऱ्याला घरी येते आहे. तेव्हा तुझ्याबरोबर येणार. मला बघायचं आहे तू काय करतोस. एक पक्षी जखमी होऊन गेला, जस्ट वन, तर तुझा बंदूक विकायचा. डील?"

मी विचार करायला तोंड बंद केलं, एवढ्यात फोनच्या स्पीकरवर माझ्या वतीने बायको म्हणाली, "डील!"

"अगं, बंदूक माझी आहे," मी म्हणालो.

"आणि चिखलाने भरलेले कपडे मी धुते. डील म्हणजे डील."

असा तो करार झाला. एका पहाटेवर माझी सगळी शिकार पणाला लागली. खरं सांगतो, बंदुकीपेक्षाही मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी होती. पोरगी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या त्या जागेवर येणार होती, आणि ती येणार होती फिर्यादी म्हणून.

मी तयारीला लागलो. काडतुसांची दोन नवी खोकी आणली, एक नंबरची आणि तीन नंबरची. दोन्ही एकाच कंपनीची, दोन्ही काळ्या रंगाची, फरक एवढाच की प्रत्येक काडतुसाच्या पोटावर पांढऱ्या शाईत आकडा छापलेला. बंदूक माझी दुनळी आहे, एकावर एक नळी असलेली. खालच्या नळीत तीन, वरच्या नळीत एक. बदक आलं तर पहिला घोडा, गूज आला तर दुसरा. सगळं ठरलेलं, कंटेनरसारखं.

मग आली खंडेनवमी.

माझ्या सासुरवाडीला शस्त्रपूजेला शस्त्र म्हणून विळी, शिलाई मशीन आणि सासऱ्यांचा स्क्रूड्रायव्हर ठेवायचे. लग्न करून बायको या देशात आली, तेव्हापासून आमच्याकडे गाडीची किल्ली आणि लॅपटॉप. पण बंदूक घरात आल्यापासून तिचा आनंद बघावा! "आपल्याकडे खरंखुरं शस्त्र आहे," असं ती वेम्बलीच्या मावशीला दर वर्षी फोनवर सांगते. दर वर्षी मी कपाट उघडून देतो, बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासतो, पाटावर ठेवतो. बायको हळदीकुंकू वाहते, झेंडूचं फूल ठेवते, मी नमस्कार करतो आणि बंदूक परत कपाटात. या वर्षी ती म्हणाली, "नुसती बंदूक काय पूजायची? काडतुसं पण द्या. तीच तर खरं काम करतात." मी दोन्ही खोकी दिली आणि त्या सकाळीच आलेल्या पोरीसाठी श्रीखंड आणायला गेलो. परत येऊन बघतो तर पूजा आटोपलेली, बंदूक पाटावर, पोरीचा स्टेथोस्कोप बंदुकीला टेकून ठेवलेला. मी बंदूक कुलपात टाकली. काडतुसांचं विचारलं तर बायको म्हणाली, "भरून ठेवलीत तुमच्या पट्ट्यात. पहाटे तुमची धावपळ नको." मला वाटलं, अहाहा, काय बायको आहे!

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. गाडीत पोरगी पुढच्या सीटवर. मागे कुत्री आनंदाने धापा टाकत होती. समुद्राच्या बांधापाशी गाडी लावली, कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवले आणि चिखलातून ओहोळाच्या काठी गेलो. ओहोटी होती. प्लॅस्टिकची नकली बदकं मी ओहोळाच्या पाण्यात मांडली. ती आमिषही असतात आणि मोजपट्टीही. पक्षी त्यांच्या अलीकडे आला तर टप्प्यात, पलीकडे असला तर नाही. ओहोळाच्या कडेला खचलेल्या मातीचा आडोसा होता, तिथे आम्ही तिघं बसलो. पूर्वेला आभाळ अजून शाईसारखं होतं.

"भरती कधी?" पोरीने विचारलं.

"उजाडल्यावर सुरू होईल. ओहोळ काठोकाठ भरायला लागला की उठायचं. नाहीतर मागची वाट बुडते."

"बुडते म्हणजे?"

"म्हणजे मग तू डॉक्टर असण्याचा उपयोग होणार नाही."

ती हसली नाही. मी बंदूक उघडली, तांबड्या दिव्याची छोटी बॅटरी लावली आणि पट्ट्यातून पहिलं काडतूस काढलं. सवयीने आकडा बघितला.

आकडा नव्हता.

मी काडतूस फिरवलं. काळं, गुळगुळीत, चकचकीत. दुसरं काढलं. कोरं. तिसरं, चौथं, सगळी कोरी. नाकाशी धरलं तर लॅव्हेंडरचा वास आला. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी अगदी शांतपणे, बंदरात बोट वाकडी लागली तर जितक्या शांतपणे फोन उचलतो तितक्या शांतपणे, बायकोला फोन लावला.

"अहो, पोचलात का?" झोपाळलेला आवाज.

"पोचलो. काडतुसांवरचे आकडे कुठे गेले?" मी कुजबुजत विचारलं.

"कुठले आकडे? त्यांना कुंकू लागलं होतं, तुमचे हात लाल झाले असते. सॅनिटायझरने छान पुसून घेतली एकेक. स्वच्छ झालीत की नाही?"

"फार स्वच्छ झालीत. पण दोन खोकी वेगळी होती ना? ती वेगळीच ठेवलीस ना?"

"हो तर! आधी वेगळीच होती. मी पाटाभोवती कमळ काढलं. एका खोक्याच्या आतल्या पाकळ्या, दुसऱ्या खोक्याच्या बाहेरच्या. इतकं सुंदर दिसत होतं! फोटो पाठवू?"

"नको. मग?"

"मग नैवेद्याच्या ताटाला जागा हवी होती."

"मग?"

"मग सगळी गोळा करून कुकरच्या भांड्यात ठेवली. अहो, काय झालंय? सगळी सारखीच तर आहेत."

मी फोन ठेवला. पोरीने सगळं ऐकलं होतं. खाजणात पहाटे मुंगी शिंकली तरी ऐकू येते.

"आईने मिक्स केलं," ती म्हणाली.

"आईने मिक्स केलं."

"एक आणि तीन."

"दोन्ही माझ्या बंदुकीला चालतात. नळी फुटायची वगैरे भीती नाही. फक्त कुठल्या काडतुसात काय आहे ते कळायला मार्ग नाही."

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. दवाखान्यात ती कुत्र्यांच्या मालकांकडे अशीच बघत असणार. "बाबा, बाटलीवरचं लेबल गेलं ना, तर मी ते इंजेक्शन देत नाही. बिनमध्ये टाकते. सिम्पल."

तिचं बरोबर होतं. मी उठून नकली बदकं गोळा करायला हवी होती. पण तेवढ्यात दूर ओहोळाच्या वळणावर शिट्टी ऐकू आली, लांबलचक, वर चढून खाली येणारी. विजन जातीची बदकं जागी होत होती. कुत्रीचे कान ताठ झाले. माझा हात पट्ट्याकडे गेला.

मी घाईघाईने कुजबुजलो, "ऐक. नकली बदकांच्या अलीकडे, अगदी जवळ आलं, तर बदकाला दोन्ही नंबर चालतात. तीन असला तर जाळं दाट, एक असला तर थोडं विरळ, पण इतक्या जवळ विरळही पुरतं. जवळ म्हणजे जवळ. लांबचं मी मारणार नाही."

"आणि गूज?"

"गूजला तीन नंबर पुरत नाही. नळीत काय आहे हे माहीत नसताना गूजवर मारायचं नाही."

"प्रॉमिस कर."

"प्रॉमिस."

"मराठीत कर."

"वचन दिलं."

"ओके. अजूनही डील आहे. एक जखमी, बंदूक गेला."

मी डोळे मिटून पट्ट्यातून दोन काडतुसं काढली, दोन नळ्यांत घातली आणि बंदूक बंद केली. तिचा तो मऊ टक् असा आवाज मला एरवी फार आवडतो. त्या दिवशी नाही आवडला.

उजेड यायला लागला. आधी पाण्यावर, मग आभाळात. डावीकडून काळ्या ठिपक्यांची रांग आली, पाण्याला चिकटून, घोगऱ्या आवाजात कुरकुरत. पोरीने माझा दंड धरला.

"बाबा, गीज! गीज आले!"

"ब्रेंट जातीचे. कायद्याने संरक्षित. हात लावायचा नाही." मी बंदूक मांडीवरून हलवलीसुद्धा नाही. रांग आमच्या इतक्या जवळून गेली की पंखांचा वारा लागला असं वाटलं. पोरगी तोंड उघडं ठेवून त्यांच्यामागे वळत राहिली. पडणार होती चिखलात.

आणि ती तिकडे बघत असतानाच समोरून दोन बदकं आली. शिट्टी नाही, काही नाही. पंख रोखून, पाय पुढे काढून थेट नकली बदकांवर उतरायला. मी उभा राहिलो. दोघं दचकून वर उसळली. पुढचं नकली बदकांच्या अलीकडे होतं. मी खांद्याला बंदूक लावली, पक्ष्याच्या पुढे नेली, घोडा ओढला.

धाड!

बदक आभाळात गोळा झालं आणि खाली पडलं. पण पडलं ओहोळाच्या पलीकडे, उंच गवतात. दिसेनासं झालं.

"हललं," पोरगी म्हणाली.

"नाही हललं."

"पडताना पंख हलला. मी बघितला."

"पडताना सगळ्यांचेच हलतात."

"बाबा, हललं!"

मी कुत्रीला सोडलं. ती पाण्यात उडी मारून पोहत गेली, पलीकडच्या चिखलात चढली, गवतात शिरली. गवताचे शेंडे हलत होते, एकदा इकडे, एकदा तिकडे. आम्ही दोघं उभे. मी बंदूक उघडून हातात लोंबकळत धरली होती आणि तिच्याकडे असा बघत होतो, जसं गिऱ्हाईक येण्याआधी माणूस विकायला काढलेल्या गाडीकडे बघतो. जखमी बदक गवतात फार पळतं. बुडी मारतं, पाण्याखाली मुळं धरून बसतं. कुत्रीला मिळालं नाही, तर मी कितीही शपथा घेतल्या तरी ते मेलं होतं की पळालं, हे कधीच कळणार नव्हतं. आणि फिर्यादीला तेवढं पुरलं असतं. मला स्वतःलाही पुरलं असतं.

कुत्री गवताबाहेर आली. तोंडात काहीतरी होतं. माझा जीव भांड्यात पडला. ती पोहत आली, ऐटीत चढली आणि माझ्या पायाशी प्लॅस्टिकचं नकली बदक ठेवलं. प्रवाहाने वाहून गेलं असणार.

"हे मेलेलं आहे," पोरगी थंडपणे म्हणाली.

"जा! परत जा! शोध!" मी ओरडलो. कुत्रीला प्रचंड अपमान वाटला, पण गेली.

आता भरती सुरू झाली होती. ओहोळातला फेस हळूच उलट्या दिशेने सरकत होता. कुत्री गवतात गेली ती आवाजही नाही. मी शीळ घातली. काही नाही. पोरगी घड्याळाकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत नव्हती, ती फक्त माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर विजय वगैरे नव्हता. तिलाही ते गवतातलं बदक दिसत असावं. मला वाटायला लागलं, छर्ऱ्यांच्या विरळ जाळ्यातलं एखादं भोक बरोबर त्याच्यावर गेलं असेल तर? एक नंबर होता का तो? की तीन? मी पाय कुठे टेकला होता? घाई केली का?

गवत फाटलं. कुत्री आली. या खेपेला तिच्या तोंडात पिसं होती, आणि एक मान खाली लोंबत होती.

पोरीने पक्षी माझ्या हातात येऊच दिला नाही. कुत्रीच्या तोंडातून स्वतः घेतला, गुडघ्यावर ठेवला, हातमोजे काढले. डोळा उघडून बघितला. छातीवर बोटं ठेवली. पिसं बाजूला करत करत मानेपासून पोटापर्यंत गेली. मी परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा. एवढा तर मी बारावीलासुद्धा घाबरलो नव्हतो.

"मान. डोकं. छातीत दोन," ती म्हणाली. "हवेतच गेला. खाली पडेपर्यंत त्याला काही कळलं नसणार."

मी श्वास सोडला.

मग तिने कातडीखाली काहीतरी चाचपलं, अंगठ्याच्या नखाने दाबलं आणि एक छोटा करडा दाणा तळहातावर घेतला. "हा बघ. कोणता आहे? एक का तीन?"

मी दाणा बोटांत धरला. उजेडाकडे नेला. चष्मा वर केला, खाली केला. ज्या फरकावर मी इतर शिकाऱ्यांशी तावातावाने भांडलोय, ज्याची घोषणा तुम्हाला उभं करून ऐकवली, तो फरक बघायला गेलं तर एवढासाच असतो: खसखशीचा दाणासुद्धा त्याहून मोठा.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"सीरियसली?"

"हातात घेऊन नाही कळत. उडताना कळतं."

तिने दाणा माझ्या बोटांतून परत घेतला. मग रुमालात ठेवला. "ओके. हे क्लीन होतं. फेअर प्ले." तिने बदकाची पिसं हाताने सारखी केली, अगदी आपलं मांजर असावं तशी. "पण बंदूक अजून वाचला नाही. आपण अजून इथेच आहोत."

ओहोळ काठोकाठ भरायला थोडा अवकाश होता. मी पुन्हा पट्ट्यात हात घातला, पुन्हा कोरं काडतूस, पुन्हा टक्. आता आम्ही जवळजवळ बसलो. तिने मला थर्मासमधला चहा ओतून दिला. त्यात आलं जरा जास्तच होतं. एक बदकांचा थवा उंचावरून गेला, फार उंच. मी हललो नाही. तिने ते बघितलं आणि खांद्याला खांदा टेकवला. मी मनात म्हटलं, जिंकलो. आता निघावं. बंदूक वाचली, पोरगी वाचली, नाक वाचलं.

आणि बांधामागून आवाज आला.

एकच. भोंग्यासारखा. मग दुसरा, त्याला उत्तर देणारा. मग एकदम सगळे, लग्नाच्या वरातीत सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवावेत तसे. कॅनडा गीज. शेतातून उठून खाडीकडे निघालेले. आणि वारा समुद्राकडून. म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, फार उंच न जाता येणार.

"हे ब्रेंट?" तिने कुजबुजत विचारलं.

"नाही."

"मग हे तू मारू शकतोस?"

"कायद्याने मारू शकतो."

"पण प्रॉमिस."

"पण प्रॉमिस."

कुत्री थरथर कापत होती. मी मातीला पाठ चिकटवली, मान खाली घातली, टोपीच्या कडेखालून बघायला लागलो. बांधावरून पहिला गूज वर आला. मग त्याच्या मागे बाकीचे, तिरकी ओळ, पंख सावकाश, जड. इतक्या वर्षांत ते असे माझ्यावरून कधी आले नव्हते. नेहमी शेजारच्या ओहोळावरून, नेहमी दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावरून. आज सरळ आमच्याकडे. हनुवटीखालचा पांढरा पट्टा दिसला. पोटाखाली दुमडलेले काळे पाय दिसले. पाय दिसतात म्हणजे टप्प्यात आला, असं खाजणात शिकवतात. पण गूज मोठा असतो, आणि मोठी गोष्ट नेहमी आहे त्यापेक्षा जवळ वाटते. नकली बदकांच्या अलीकडे होता का? होता. नव्हता. वाऱ्याने सरकत होता. होता?

माझा अंगठा बंदुकीच्या सुरक्षेच्या खटक्यावर गेला होता. मी नेला नव्हता, तोच गेला.

दोन नळ्या. निदान एकीत तरी एक नंबर असणार. असेलच. असेल का? एक नंबर असला तर तो पहिला गूज त्या क्षणी दगडासारखा खाली, आयुष्यभर सांगण्यासारखा. तीन असला तर तो एकदा डगमगेल, ओळ सोडेल, पुन्हा ओळीत येईल आणि आवाज करत करत जाईल. आणि कधीतरी कुणीतरी त्याला काळ्या फोटोत बघेल, हाडांच्या मधोमध पांढरे ठिपके. मला ते ठिपके त्या आभाळावर स्पष्ट दिसले. पंखांचा आवाज डोक्यावर आला, कपडे झटकल्यासारखा, श्वासासारखा. पहिला गूज माझ्या अगदी वर होता. त्याने मान वाकडी करून खाली बघितलं. आमची नजरानजर झाली.

मी अंगठा उचलला. बंदूक मांडीवर टेकवली आणि दोन्ही हात दिसतील असे गुडघ्यांवर ठेवले, साक्षीदाराला नीट दिसावं म्हणून.

साक्षीदार उभी राहिली होती. गुडघाभर चिखलात, टोपी पडलेली, मेलेलं बदक एका हातात, दुसरा हात आभाळाकडे, डोळे बशीएवढे. जिने मला कोर्टात उभं केलं होतं, जी दिवसभर जखमी प्राण्यांना टाके घालते, ती माझी लेक अख्ख्या खाडीला ऐकू जाईल अशा आवाजात किंचाळली:

"बाबा, मार ना! काय बघतोस! मार!"